अकरा मात्रांची पाठवणी

महिनाभर बोझ्कोच्या डोक्याला नुसता ताप झाला होता, आणि त्या तापाचं नाव होतं स्तामेन, त्याच्या बहिणीचा नवरा.

स्तामेनने आपल्या एकुलत्या लेकीच्या, नेव्यानाच्या, लग्नासाठी एक छोटीशी धून बांधली होती. घराच्या दारातून फाटकापर्यंत तिने त्या धुनेवर नाचत यायचं, तिथे ठेवलेली पाण्याची घागर उजव्या पायाने लाथाडायची आणि सासरी निघायचं. सासर जर्मनीत. अकॉर्डियन बापाचं, ढोल मामाचा. धून अकरा मात्रांच्या तालाची, एका आवर्तनात पाच पावलं, मधलं पाऊल जरा लांब. त्यात नवल काही नव्हतं. बल्गेरियात ब्रेझनिकच्या बाजूची पोरं चालायला शिकतात तीच या तालावर. घोळ वेगळाच होता. धून संपली, की पोरीचा डावा पाय पुढे येत होता.

डाव्या पायाने घागर सांडून कुणाचा संसार धड झालाय? स्तोयनाने, पोरीच्या आईने, भावाला बजावून ठेवलं होतं, की तसं झालं तर मला तोंड दाखवू नकोस. नवऱ्यापुढे तिचं काही चालत नव्हतं, म्हणून सगळं खापर भावाच्या माथी.

स्तामेन रोज संध्याकाळी काहीतरी बदलायचा. आज इथे मुरकी, उद्या तिथला सूर खाली. बदलायचं तेवढं सोडून सगळं.

“दाजी, एक आवर्तन वाढवा. एकच, म्हणजे पाय बदलेल. तुमचं काय जातंय?”

“धुनेत सांगायचं ते सांगून झालं, बोझ्को. वर आणखी पाणी घालू?”

“मग एक कमी करा.”

“कमी करून काय, पोरीला पळवत नेऊ?”

अशा माणसाशी डोकं कोण फोडणार? बोझ्को रोज चरफडत घरी जायचा, आणि रोज परत यायचा, कारण भाची लाडकी होती.

लग्नाच्या सकाळी व्हायचं तेच झालं. नेव्याना नाचत घागरीपाशी आली, धून संपली, आणि डावा पाय पुढे. बोझ्कोने संतापून दाजीकडे पाहिलं. दाजीचं घागरीकडे लक्षच नव्हतं. त्याने श्वासही न घेता धून पहिल्यापासून सुरू केली. नेव्याना हसली आणि नाचत नाचत अंगणाला वळसा घालायला निघाली, द्राक्षाच्या मांडवाखालून, आईच्या समोरून.

“हे मुद्दाम केलंत तुम्ही?” बोझ्को ढोल वाजवता वाजवता पुटपुटला.

“एवढ्याशा धुनेवर सोडून देऊ तिला?” स्तामेन म्हणाला. त्याची हनुवटी अकॉर्डियनला टेकली होती.

बोझ्कोला भयंकर राग आला. महिनाभर याने सूर, सूर करून जीव खाल्ला, आणि एवढी साधी गोष्ट तोंडाने सांगायला याची जीभ झडली होती. रागाच्या भरात त्याला समोरचं नीट दिसेना. त्याने बाहीने डोळे पुसले.

नेव्याना पुन्हा घागरीपाशी आली. या खेपेला उजवा पाय पुढे येणार होता. स्तोयनाने सुटकेने छातीवर क्रूसाची खूण केली. आणि बोझ्कोने ढोलावर एक ठोका जास्त हाणला. पोरीचं एक पाऊल जास्त पडलं, डावा पाय पुढे आला.

स्तोयना भावाच्या नावाने ओरडली. त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही.

“माझं चुकलं,” तो म्हणाला. “दाजी, पहिल्यापासून घ्या.”