मामांनी शुद्ध केलेला स्पंज

माशांच्या टाकीतली माती बदलायची हे ठरवलं मॅडमनी आणि बदलायची मी. आमच्या दातांच्या दवाखान्यात सगळं असंच ठरतं. मॅडम म्हणजे डॉक्टरांची बायको. दात त्यांना उपटता येत नाहीत, पण भिंतींचा रंग, खुर्च्यांचं कापड आणि माझ्या टेबलावर काय ठेवायचं नाही हे त्याच सांगतात. नवं रंगकाम झालं आणि त्यांना टाकीतली काळी माती उदास दिसायला लागली. लोक आधीच दातांना घाबरून येतात, त्यात समोर काळा तळ कशाला? पांढरी वाळू टाका. सोमवारी नऊला दार उघडेल तेव्हा पांढरी दिसली पाहिजे.

डॉक्टर म्हणाले, तासाभराचं तर काम आहे. ते अक्कलदाढेलाही तासाभराचं काम म्हणतात, आणि मग बाहेर खोळंबलेल्या सात जणांच्या शिव्या मी खाते.

टाकी चार फुटी आहे, माझ्या टेबलासमोर. डॉक्टरांना विचाराल तर तिच्यात अकरा मासे आहेत. मॅडमना विचाराल तर ‘ते रंगीत’ आहेत. प्रत्यक्षात तिच्यात दोनशेच्या आसपास झिंगे आहेत, लालभडक, मोठ्यातला मोठा नखाएवढा. सहा वर्षांपूर्वी झाडं विकणाऱ्याने दिलेल्या शेवाळाच्या गोळ्यातून तीन चुकून आले होते, त्यांचाच हा सगळा कुटुंबकबिला. या इमारतीत ते फक्त मला माहीत, कारण टाकीकडे रोज बघणारी मी एकटी. माझ्या नेमणुकीच्या कागदात फोन, वेळा आणि फायली लिहिल्यात. मासे नाहीत. पण पहिल्या महिन्यात एक मासा पोटावर तरंगताना दिसला, दोन दिवस तसाच तरंगत राहिला, आणि शेवटी मीच बाह्या वर केल्या. त्यानंतर कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. झिंगे मला आवडतात. त्यात लाजायचं काय आहे? दिवसभर लोकांची बंद तोंडं बघितल्यावर माणसाला काहीतरी आवडावं लागतं.

शनिवारी दोनला शेवटचा पेशंट गेला आणि मी चपला काढून कामाला लागले. तीन बादल्या घरून आणल्या होत्या, ज्यांना कधी साबण लागला नाही अशा. नळाचं पाणी दोन दिवस आधीच ड्रममध्ये भरून ठेवलं होतं. या कामात घाई करणारा माणूस मासे मारतो. आधी झाडं आणि लाकूड बाहेर. मग टाकीतलंच पाणी नळीने बादल्यांत, कारण जनावरांना तेच लागतं. पाणी वीतभर उरलं की मासे धरायचे. भरल्या टाकीत त्यांच्यामागे जाळी घेऊन धावलं तर तेही दमतात आणि आपणही. आणि तोवर माती अजिबात ढवळायची नाही. तळाशी वर्षानुवर्षं साचलेलं जे काही असतं त्याला सडक्या अंड्याचा वास येतो आणि मासे त्याने गुदमरतात.

अकरा मासे वीस मिनिटांत आले. झिंग्यांनी दीड तास घेतला. जाळी मागून नेली तर ते मागेच उडी मारतात, म्हणून एक हात पुढून आणि एक मागून. त्यांच्या बादलीत धरायला शेवाळ टाकलं, हवेची नळी सोडली आणि वर झाकण, कारण ते बाहेर उड्या मारतात आणि आपल्याला सापडतात तेव्हा वाळलेले असतात. पाठ मोडून आली होती. बसवत नव्हतं, उभं राहवत नव्हतं. घड्याळ बघायचं नाही असं ठरवून मी दर पाच मिनिटांनी बघत होते.

चारच्या सुमाराला मामा आले. मामा कुणाचेच मामा नाहीत. दवाखान्यात डॉक्टरांच्याही आधीपासून आहेत, डॉक्टरांच्या वडिलांच्या काळापासून. हत्यारं वाफेवर उकळून जंतू मारायचं मशीन त्यांच्या ताब्यात असतं. “माझ्या मशीनमधून एक जंतू जिवंत बाहेर गेलेला नाही,” असं ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवतात. शनिवारी आठवड्याचा शेवटचा घाणा टाकायला येतात. बादलीचं झाकण उचलून बघितलं आणि विचारलं, ताई, हे तळायचे का? मी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी झाकण परत ठेवलं.

माती काढायला मात्र त्यांनी मदत केली. मी सुपलीने माती काढायची, ताटात पसरून बघायची, राहिलेला एखादा झिंगा चमच्याने उचलायचा, मग ती पोत्यात. चार पोती झाली. मामांनी ती एकेक करून मागच्या फाटकाशी कचऱ्याच्या डब्याजवळ नेऊन ठेवली. नवी वाळू धुवायला मी मागच्या नळावर बसले. पांढरी वाळू म्हणजे काय ते धुतल्यावर कळतं. पहिल्या दहा पाण्यांना दूध निघतं. पाऊण तास मी ते दूध ओतत बसले आणि मॅडमच्या नावाने जे काही बोलले ते वाळूने ऐकलं.

आत आले तर मशीनचं झाकण उघडं, खोलीत वाफ, आणि मामा चिमट्याने ट्रे बाहेर काढत होते. ट्रेमध्ये माझा फिल्टरचा स्पंज होता. स्वच्छ, पिवळाधमक, कोरा.

इथे चूक कुणाची ते सांगते. माझी. बादल्या भरल्या होत्या म्हणून स्पंज टाकीच्या पाण्यात बुडवून मी स्टीलच्या ट्रेत ठेवला आणि ट्रे बेसिनशेजारी. बेसिनशेजारी ठेवलेला स्टीलचा ट्रे म्हणजे मशीनमध्ये जायचा, हा दवाखान्याचा नियम. नव्या पोरींना तो मीच शिकवते.

“इतका घाण होता ताई,” मामा म्हणाले, “दोनदा फिरवला.”

मासे पाण्यातच मुततात, त्याचं विष होतं, आणि ते विष खाणारे जंतू त्या घाणीत राहतात. स्पंजमध्ये निम्मे, मातीत निम्मे. पाण्यात जवळजवळ नसतातच. स्पंज मामांनी शुद्ध केला, माती कचऱ्यात गेली आणि नवी वाळू मी स्वतः दहा पाण्यांनी धुतली. टाकी आता ऑपरेशनच्या खोलीइतकी स्वच्छ झाली होती. तिच्यात जीव सोडले तर दोन दिवस छान दिसले असते आणि तिसऱ्या दिवसापासून मरायला लागले असते, आधी झिंगे.

मामांना हे सांगितलं. त्यांना पटायला वेळ लागला. उभ्या आयुष्यात त्यांना कुणी जंतू मेले म्हणून जाब विचारला नव्हता.

डॉक्टरांना फोन लावला. ते कुठेतरी जेवायला निघाले होते, मागे मॅडमचा आवाज. मी म्हटलं, टाकी सोमवारी रिकामी दिसेल, जीव बादल्यांत ठेवते, नवे जंतू वाढायला तीन आठवडे द्या. त्यांनी नीट ऐकूनही घेतलं नाही. रिकामी टाकी वाईट दिसेल, मुलं मासे बघायला येतात, म्हणाले. आणि मग, अगदी सहज, दात किडला तर काढू म्हणावं तसं, म्हणाले, “टाकून द्या हो आत. मेले तर नवे आणू.”

मी फोन ठेवला. उत्तर दिलं नाही याचा नंतर दोन दिवस राग येत राहिला.

खोलीत येरझाऱ्या घालताना माती डोक्यात आली. पोती अजून बाहेर होती, ओली होती. ओल्या मातीतले जंतू काही तास टिकतात. कचऱ्याची गाडी सहाला येते आणि सहाला आठ मिनिटं होती. मी अनवाणी पळाले. गाडी लवकर आली होती. दोन पोती वर गेली होती, तिसरं गाडीवाल्याच्या हातात होतं. मी पोत्याचं दुसरं टोक धरलं.

त्याने विचारलं, काय आहे, सोनं?

माती आहे, म्हटलं.

“मग सोडा की बाई.”

मी सोडलं नाही. त्याने माझ्या पायांकडे बघितलं, कोपरापर्यंत चिखल लागलेल्या हातांकडे बघितलं आणि वेडीशी कोण भांडणार म्हणून पोतं सोडून दिलं. चौथं मी त्याच्याकडे पाठ न करता उचललं.

माती सरळ पांढऱ्या वाळूवर ओतली असती तर मॅडमनी मलाच गाडीत घातलं असतं. पिशव्या हव्या होत्या, पाणी आरपार जाईल अशा. मामा कपाटाकडे गेले. जखमेवर बांधायच्या जाळीदार कापडाचा गठ्ठा काढला, टाके घालायचा मुदत संपलेला रेशमी दोरा काढला आणि वाकडी सुई. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांना टाके घालताना बघितलं होतं. चष्मा कपाळावर चढवून ते शिवायला बसले. चार पोटल्या शिवल्या, प्रत्येक टाक्याला वेगळी गाठ. मी म्हटलं, मामा, सरळ शिवा ना, पेशंट नाहीये. ते म्हणाले, गप बसा, मोजतोय.

काळ्या मातीच्या चार पोटल्या जुन्या पाण्यात हलकेच बुचकळून मी टाकीत टांगल्या, दोन फिल्टरच्या तोंडाशी, दोन मधोमध. मग जुनं पाणी, वर ड्रममधलं, आणि शेवटी जीव. बादलीत टाकीचं पाणी बारीक नळीने थेंब थेंब सोडत दोन तास. मामा जा म्हटलं तरी गेले नाहीत.

सोमवारी मॅडम नऊच्या आधी आल्या. टाकीसमोर उभ्या राहिल्या. खाली बर्फासारखी वाळू, आणि मधे जखम बांधल्यासारखे चार काळे गोळे लोंबकळत होते. हे काय आहे, असं त्यांनी मला विचारलं नाही, डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं. मॅडम म्हणाल्या, निदान दवाखाना चालू असताना काढून ठेवा, संध्याकाळी परत टांगा. मी म्हटलं, काढल्यावर वाळतात, आतले जंतू मरतात. त्या म्हणाल्या, मग मासे बदला. डॉक्टर हसून मधे पडायला लागले, की अहो, एवढं काय, मी म्हटलंच होतं ना तुम्हाला...

“म्हणालात,” मी म्हटलं. “मेले तर नवे आणू. सर, नवे मासे आणायचे असतील तर त्यांना बघणारी बाईपण नवी आणा. फायली कुठे आहेत ते मी तिला दाखवून जाईन.”

मागे खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ गालाला हात लावून बसले होते. त्यांनी दुखता गाल सोडला आणि नीट ऐकायला लागले.

अकरा वर्षांत मी डॉक्टरांशी इतकं लांब वाक्य बोलले नव्हते. घरी दोन मुलं आहेत, हे मला त्या क्षणी आठवलं, वाक्य संपल्यावर. डॉक्टरांनी हातमोजे चढवले, काढले, परत चढवले. किती दिवस, विचारलं. तीन आठवडे, म्हटलं. राहू द्या, असं ते पुटपुटले, मॅडमकडे न बघता, आणि आत निघून गेले. मॅडमनी माझ्या टेबलावरचं कॅलेंडर सरळ केलं. ते सरळच होतं.

सुटले असं वाटलं नाही. रोज सकाळी पाणी काचेच्या नळीत घेऊन थेंब टाकून बघायचं. पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर विष. मंगळवारी फिकट हिरवं. बुधवारी चांगलंच हिरवं, आणि एक मासा गेला. पाव टाकी पाणी बदललं, खायला घालणं बंद केलं. गुरुवारी परत बदललं, दोन पेशंटांच्या मधे, ओल्या हाताने वेळा लिहीत. कोपऱ्यात झिंग्यांची सालं दिसत होती आणि ती कात टाकलेली की मेलेल्यांची ते कळत नव्हतं. रात्री झोपेत मी सुपली चालवायचे. मामा दर तासाला येऊन उभे राहायचे, त्यांना रंग कळत नाही, पण विचारायचे, पिवळं का?

दहाव्या दिवशी पिवळं झालं. अकराव्या दिवशीही.

तेव्हा किती उरले ते बघू म्हटलं. पांढऱ्या वाळूवर झिंगे थांबत नव्हते, उघडं वाटत असावं. सगळे त्या चार पोटल्यांवर चढून बसले होते, मामांचे टाके चिवडत. मी काचेला नाक लावून मोजायला लागले. पहिल्यांदा एकशे एकेचाळीस आले. दुसऱ्यांदा एकशे तेवीस, कारण ते हलतात. मला आकडा हवा होता. साधारण नको, अंदाज नको. माझ्या ट्रेमुळे किती गेले ते मला नेमकं हवं होतं. मामा मागे येऊन उभे राहिले आणि डावीकडची पोटली मी घेतो म्हणाले.

टेबलाशी कुणीतरी खाकरलं. अकराच्या वेळेचा पेशंट असावा. डॉक्टरांनी आतून घंटी दाबली. मी मान न वळवता बोट वर केलं, थांबा.

बावन्न. त्रेपन्न. तो आधीच मोजला.