पट्ट्याची नवी वाटणी

हौशी रेडिओवाल्यांच्या मंडळात ती चिटणीस म्हणून बिनविरोध निवडून आली, कारण त्या वर्षी ते काम कोणालाच नको होतं. ती इस्पितळात एक्स-रे काढायची. दिवसभर लोकांची हाडं बघायची आणि घरी आली की हेडफोन चढवून बसायची. हा नाद माहेरचा नव्हता, सासऱ्यांनी लावलेला. सासरे पूर्वी जहाजावर रेडिओ ऑफिसर होते. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी त्यांनी तिला ओट्यावर बोटं वाजवून मोर्स शिकवलं. नवरा म्हणायचा, "तुम्ही दोघं माझ्या देखत माझी चुगली करता." ते खरंही होतं.

मंडळातलं भांडण जुनं होतं. सगळ्यांनी मिळून वापरायच्या फ्रीक्वेन्सीच्या पट्ट्याचे तीन भाग होते. खालचा मोर्सवाल्यांचा, वरचा बोलणाऱ्यांचा आणि मधली चिंचोळी जागा कॉम्प्युटरवरून संदेश धाडणाऱ्या कॉम्प्युटरवाल्यांची. ही वाटणी ठरली तेव्हा कॉम्प्युटरवाले मोजून नऊ होते. आता ते दोनशेच्या वर गेले होते आणि एकमेकांच्या उरावर बसत होते. मोर्सवाले मात्र वर्षागणिक विरळ होत चालले होते. दर बैठकीत तीच हमरीतुमरी. "जागा अडवून बसलेत," असं तरुण म्हणायचे आणि "तुमच्या जन्माआधीपासून बसलोय," असं म्हातारे.

तिने ठरवलं की यापुढे नुसती तोंडं वाजवायची नाहीत, मोजायचं. सहा आठवडे तिने आणि दोन सभासदांनी पाळीपाळीने कान लावला आणि कुठल्या जागेवर, किती वाजता, किती जण आहेत याचा तक्ता केला. मोर्सच्या वरच्या निम्म्या भागात दिवसचे दिवस शांतता होती. दुपारी चार वाजता तेवढी एक नोंद असायची, "संथ मोर्स, चार जण." त्यातले एक तिच्याच घरातल्या मागच्या खोलीत बसलेले असायचे.

वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये सभा झाली. तो निम्मा भाग कॉम्प्युटरवाल्यांना द्यावा, असा ठराव तिने मांडला. मोर्सवाल्यांनी थोडं खाली सरकायचं, एवढंच. आकडे समोर होते. कुरकुर झाली, पण कोणाला खोडून काढता येईना. सासरे तिसऱ्या रांगेत होते. मतदानात त्यांनी ना बाजूने हात वर केला, ना विरोधात. घरी येताना ते म्हणाले, "तक्ता चोख केलास." तिला बरं वाटलं.

पहिल्या तारखेपासून नवी वाटणी लागू झाली. दोनेक आठवड्यांनी सुट्टीच्या दिवशी ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मागच्या खोलीतून सासऱ्यांच्या मोर्सचा आवाज येत होता. चार वाजताची चौघांची रोजची फेरी संपली असावी असं वाटत असतानाच त्यांनी एक हाक दिली. थांबले. पुन्हा तीच हाक दिली. पाच वेळा तेच झालं. मग त्यांनी सेट बंद केला.

ती दारात जाऊन उभी राहिली. "कोणाला हाक मारताय, बाबा?"

"टेकडीवाल्याला."

"उत्तर देत नाहीत का ते?"

"देत असेल. आपल्याला ऐकू येत नाही."

टेकडीवाला म्हणजे एके काळी वाद्यांचे सूर लावून देणारा माणूस. आता डोळ्यांनी अजिबात दिसत नव्हतं, पुतणीकडे राहायचा. सासऱ्यांनी समजावून सांगितलं. त्याचा सेट हाताने बांधलेला होता. आत नखाएवढा क्रिस्टल होता, त्याची जी फ्रीक्वेन्सी तीच सेटची. ऐकायचा रेडिओ वेगळा होता, त्यावर तो सगळीकडे फिरू शकायचा. बोलायला मात्र तीच एक जागा, आणि ती आता दोनशे जणांच्या गोंगाटाखाली गेली होती.

"म्हणजे तुम्ही हाक मारता ती त्यांना ऐकू येते?"

"रोज."

ती खाली बसली. "हे तुम्ही सभेत का नाही बोललात?"

"तू माझी सून. मी उठलो असतो तर लोक म्हणाले असते, घरचं काम घरात उरकलं." ते जरा थांबले. "आणि तू सहा आठवडे मोजत होतीस. मला वाटलं, एखाद दिवशी विचारशील, हे चौघं कोण म्हणून."

चौघांतले बाकीचे दोघं बेकरीवाला आणि निवृत्त मुख्याध्यापक, हेसुद्धा तिला ऐकूनच माहीत होतं.

तिने कार्यकारिणी बोलावली. त्या जागेवर रोज चार ते साडेचार एवढा वेळ मोकळा ठेवावा, असं सुचवलं. कॉम्प्युटरवाल्यांचा म्होरक्या औषधांच्या दुकानात बसणारा, सरळ माणूस होता. तो म्हणाला, "बाई, आकडे तुमचेच आहेत. एकासाठी अर्धा तास सोडला की पुढच्या महिन्यात दुसरा येईल. मग वाटणी केलीच कशाला?" सूचना सात विरुद्ध दोन मतांनी पडली. तो खोटं बोलला असता तर तिला भांडता आलं असतं.

नव्या फ्रीक्वेन्सीचा क्रिस्टल कापून देणारा एकच कारखाना उरला होता. त्यांनी पाच आठवडे लागतील असं कळवलं. मधल्या काळात ती सासऱ्यांना घेऊन टेकडीवर गेली. पुतणीने दार उघडलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "चार वाजले की काकांना कोणी बोललेलं चालत नाही." आत म्हातारा हेडफोन लावून बसला होता. डावा हात रेडिओवर, उजवा मोर्सच्या किल्लीवर. हेडफोनमधून बारीक हाक ऐकू आली, बहुधा बेकरीवाल्याची. त्याने लगेच उत्तर दिलं, सावकाश, एकेक अक्षर नीट. मग मान तिरकी करून वाट पाहिली. हाक पुन्हा आली. त्याने पुन्हा उत्तर दिलं.

सासऱ्यांनी खांद्यावर हात ठेवला तेव्हा तो दचकला नाही. "आज तुझी हाक नव्हती, तेव्हाच वाटलं," तो म्हणाला. "सोबत कोण आहे?"

"मी त्यांची सून," ती म्हणाली. "ती वाटणी मी केली."

"माहीत आहे. किल्लीवरचा तुझा हात ओळखतो मी. मोर्सच्या रेघा जरा लांब ओढतेस." आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला सोपं गेलं असतं. "पत्र का नाही पाठवलंस? मी कळवलं असतं."

"चुकलं माझं."

"हं," तो म्हणाला, आणि पुतणीला चहा ठेवायला सांगितलं.

क्रिस्टल आला त्या दिवशी ती रजा घेऊन एकटी गेली. जुना काढून नवा बसवला. चार वाजता सासऱ्यांची हाक आली. टेकडीवाल्याने उत्तर दिलं, आणि पलीकडून इतक्या घाईत मोर्स आलं की सासऱ्यांच्या हातून दोन अक्षरं चुकली. बेकरीवालाही आला. मुख्याध्यापक बरेच दिवस ऐकू आले नव्हते, तरी टेकडीवाल्याने त्यांना हाक दिली. थोडं थांबून पुन्हा दिली. बेकरीवाल्याने कळवलं की ते तीन आठवड्यांपासून येत नाहीत.

घरी आल्यावर तिने मुख्याध्यापकांना फोन लावला. सगळं सांगितलं. फेरी आता नव्या जागेवर नीट चालते, टेकडीवालाही आला आहे, तुम्ही उद्या याल का, असं विचारलं.

ते म्हणाले, "तो येत नव्हता तेव्हा रोज त्याला हाका मारणं मला सोसेना. सेट भाच्याला देऊन टाकला." आणि तिला वाईट वाटेल म्हणून असेल, ते पुढे म्हणाले, "सवय मोडली आता, बाई. त्या वेळेला मी झोपतो."