मशीनवरची कुंडी

आमच्या खोलीला खिडकी एकच. तिच्यातून सकाळी दोन तास ऊन येतं, तेही समोरच्या इमारतीने येऊ दिलं तर. त्या दोन तासांच्या भरवशावर आप्पांनी टोमॅटोची बारा रोपं लावली. तेलाच्या डब्यांत, रंगाच्या बादल्यांत, एक तर तळाला भोक पडलेल्या कुकरात. कपाटावर रोप, पलंगाखालून डोकावणारं रोप, दाराआड रोप. मी शिवणकाम करते. कोपऱ्यात माझं मशीन, बाकी सगळी बाग.

आप्पा, माझे वडील, चाळीस वर्षं सार्वजनिक बागेत माळी होते. लोक यायचे, फुलांपाशी उभं राहून फोटो काढायचे, पण माळ्याचं नाव एकानेही विचारलं नाही. आता आप्पांनाच ते आठवत नाही. फिट्टंफाट झाली म्हणायची. मीही त्यांना आठवत नाही. मला ते ‘बाई’ म्हणतात, अहोजाहो करतात. रोपं मात्र पक्की लक्षात आहेत. कुठलं तहानलंय, कुठलं रुसलंय, सगळं.

थोरला दादा रविवारी येतो, दारातच बूट काढायचे की नाही याचा विचार करतो आणि खोलीभर नाक मुरडतो. या खेपेला त्याने वृद्धाश्रमाचा फॉर्म आणला होता.

“जमिनीला ओल येतेय. ते काही करतात का दिवसभर? डबे हलवतात फक्त.”

“तू काय करतोस दिवसभर? खुर्ची हलवतोस.”

“तीन महिने झाले. एक टोमॅटो दाखव, मी हा फॉर्म फाडतो. नाहीतर महिनाअखेर सही कर.”

मला तिडीक आली. जन्मभर राबलेल्या माणसाने शेवटी फळ दाखवून घरात राहायची परवानगी मिळवायची. पण दाखवणार काय? फुलं यायची आणि गळायची. आप्पा ती पिवळी फुलं तळहातावर घेऊन बराच वेळ बघायचे.

“मधमाश्या येतील,” म्हणायचे.

बागेत चाळीस वर्षं माश्या न बोलावता आल्या होत्या. वारा फुकट होता. इथे धूळ नको म्हणून खिडकी त्यांनीच बंद ठेवलेली, आणि वाट बघत बसलेले.

त्यात शाळेच्या गणवेशांचं काम आलं. निळ्या कापडाचे गठ्ठे ठेवायला जागा हवी होती. रागाच्या भरात मी कुकर उचलला आणि मशीनच्या टेबलावर आदळला.

“बाई, तिथे नको,” आप्पा कळवळले. “ते हादरतं. त्याची झोप मोडेल.”

“माझी कधीच मोडलीय, आप्पा.”

मग मी शिवत सुटले. बाह्या, कॉलर, खिसे. सकाळचं ऊन पानांतून झिरपून निळ्या कापडावर पडायचं आणि खोली पाण्याखाली गेल्यासारखी वाटायची. आप्पा त्या हिरव्या पाण्यात माशासारखे सावकाश फिरायचे, कशालाही धक्का न लावता. मशीनची घरघर लांबून आल्यासारखी ऐकू यायची. कधी वाटायचं, भिंती नाहीतच, समोर बाग पसरलीय आणि मी तिच्या मधोमध बसून कुणाच्या तरी पोरांचे खिसे शिवतेय.

एकदा कापडावर पिवळी भुकटी दिसली. गिऱ्हाईक बोंबलेल म्हणून मी ती शिव्या देत झटकली. आठवड्याने कुकरातल्या रोपाकडे नजर गेली. वाळलेल्या फुलाच्या मागे हिरवा मणी. मग दुसरा. बाकीच्या अकरा रोपांवर काही नाही.

मी हात थांबवला. पुन्हा मशीन चालवलं. फूल थरथरलं, त्यातून बारीक पिवळं काहीतरी सांडलं.

“आप्पा, इकडे या.”

त्यांनी टेबलावर पंजा ठेवला. मी पाय मारत राहिले. ते डोळे मिटून बराच वेळ उभे होते.

“भुंगा,” ते म्हणाले. “बाई, तुमच्याकडे भुंगा होता आणि बोलला नाहीत?”

दुपारपर्यंत अकराही डबे मशीनला खेटून उभे होते. काही टेबलावर, काही त्याच्या पायांना टेकवून. मला पाय घालायला जेमतेम फट उरली.

रविवारी दादा आला. फॉर्म आणि पेन, दोन्ही घेऊन.

“हा टोमॅटो? हा तर वाटाणा आहे.”

“तूही जन्मलास तेव्हा बघण्यासारखा नव्हतास. तरी ठेवून घेतलं.”

तो हसणार होता, पण त्याने आवरलं. फॉर्म टेबलावर ठेवला. तेवढ्यात आप्पांनी त्याला निरखून पाहिलं, जसं नव्या गड्याकडे बघतात तसं.

“नवीन आलात का? बसा. या बाई दमल्यात. पाय चालवा.”

“आप्पा, मी...”

“बसा हो. दोरा नको. नुसतं चालवा.”

मी उठले. दादा बुटांसकट बसला. आधी मशीन उलटं फिरलं, मग नीट चालू लागलं. बारा रोपं एकदम शहारली. पिवळी धूळ त्याच्या इस्त्रीच्या बाहीवर उतरत राहिली आणि त्याने ती झटकली नाही.

कुकरातून पाणी झिरपत होतं. आप्पांनी इकडेतिकडे पाहिलं, फॉर्म उचलला, नीट चार घड्या घातल्या आणि कुकराखाली सरकवला. कागद कडेने काळा पडत गेला.

दादाचा पाय थांबला.

“थांबू नका,” आप्पा म्हणाले. “अजून बरीच फुलं आहेत.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी गणवेशाची बटणं लावायला घेतली. थोड्या वेळाने मशीन पुन्हा सुरू झालं.