बाईसाहेबांचा स्नो

लोणावळ्याच्या बंगल्यातल्या बाईसाहेबांच्या तेलकट चेहऱ्याला मानवणारा स्नो तिथं कामाला जाणाऱ्या मावशीनं भाजे गावात आणला आणि माघाच्या वाऱ्यानं उललेल्या हौसाच्या गालांना चोपडला. बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर ती बसली तोवर तो वाळून त्याचे पांढरे डाग पडले होते.

मुलाची आई पुढं वाकली. "पोरीला कोड हाय व्हय?"

हौसाच्या बापानं पुढं केलेलं पान हातातच राहिलं.

हौसाच्या अंगाची लाही झाली. ती तडक चुलीपाशी गेली, तोंडाला लोणी फासलं, पदरानं खसाखसा पुसलं आणि परत येऊन बसली. गाल लालबुंद, डाग गायब.

"झाली खात्री?" ती म्हणाली. "आता तुमच्या पोराचंबी तोंड पुसून दावा."

मुलाचा हात झटकन गालावरल्या पावडरीच्या थराकडं गेला.