दोन कॅमेरे, एकच नंबर

मित्रांनो, मी मध्य प्रदेशातल्या धारच्या एका घराच्या फाटकाकडे तोंड करून बसलेला जुना कॅमेरा आहे, आणि ऐका ना, मला सगळं एका दमात सांगून टाकायचंय, मध्ये थांबलो तर पुढचं सांगवणार नाही.

कारखान्यात माझा जन्म झाला, ते राहू द्या. खरं आयुष्य सुरू झालं २००७ साली, शरददादांच्या घरी. शरददादा शिफ्टच्या बसने पीथमपुरला नोकरीला जायचे. शिवानीवहिनी वरच्या मजल्यावर मुलांचा कॉम्प्युटर क्लास घ्यायच्या. आणि खाली असायच्या माई, शरददादांच्या आई. माईंना आठवायचंच नाही काही! जेवण झालं तरी म्हणायच्या, "सूनबाई, पान वाढा की." आणि मनात आलं की फाटक उघडून निघायच्या, सरदारपुरला, माहेरी. तिथे आता कुणीच उरलं नव्हतं. म्हणून तर मला आणलं! मी फाटक बघायचं, चित्र वर वहिनींच्या कॉम्प्युटरवर जायचं, माई फाटकाशी दिसल्या की वहिनी धावत खाली.

मला बसवायला दुकानवाला संताजी आला. म्हणाला, "भिया, याला एक नंबर द्यावा लागतो. त्या नंबरानेच कॉम्प्युटर याला हाक मारतो."

"मग नऊ दे," शरददादा म्हणाले. "आपल्याकडे सगळं नऊवर चालतं."

आणि खरंच चालायचं! स्कूटरच्या नंबराची बेरीज नऊ, मोबाइलच्या शेवटी नऊ, लग्नसुद्धा नऊ तारखेला. संताजी हसला, "लो, नौ सही."

काय दिवस होते ते! शेजारीपाजारी मला बघायला यायचे. माई तर रोज खाली उभ्या राहून विचारायच्या, "काय रे बाळा, उन्हात बसवलंय होय तुला? पाणी तरी प्यायलास का?" मला तोवर असं कुणी विचारलं नव्हतं हो.

मग एकदा माई मागच्या दाराने निघाल्या. गल्लीच्या तोंडाशीच सापडल्या, पण शरददादा घाबरले. दुसरा कॅमेरा आणला, मागच्या अंगणात स्वतःच बसवला, आणि वहिनींना म्हणाले, "यालाही नऊच दिला. चांगला नंबर एकालाच का?"

तिथून आमची वाट लागली, मित्रांनो. कॉम्प्युटर नऊ नंबरला हाक मारायचा आणि आम्ही दोघं एकदम ओ द्यायचो. कधी त्याचं चित्र जायचं, कधी माझं, कधी दोघांचं अडकून पडायचं. फाटक दिसायला हवं तिथे मागच्या दोरीवरचे कपडे वाळताना दिसायचे! शरददादा मला थापटी मारायचे, "हाच खराब निघाला साला." पिन काढायचे, पिन लावायचे, थोडा वेळ बरं चालायचं, की पुन्हा तेच.

"अहो, संताजीला बोलवा ना," वहिनी म्हणायच्या.

"बोलावतो गं, रविवारी."

रविवार यायचा, जायचा. आणि हळूहळू वहिनींना त्या अडकलेल्या चित्राची सवयच झाली.

त्या दुपारी वर क्लास भरला होता. माई बाहेर आल्या. हातात पिशवी, पिशवीतून देवघरातला रांगता बाळकृष्ण डोकावत होता. मी चित्र पाठवलं. पाठवलं, पाठवलं, पाठवतच राहिलो! वरून एका मुलीचा आवाज आला, "मॅडम, आपका कैमरा फिर अटक गया!"

"बैठो, आ जाएगा अपने आप," वहिनी म्हणाल्या.

माईंनी कडी काढली. मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "येते रे बाळा. सूनबाईला सांग हं."

मला सांगितलं हो त्यांनी! मला! आणि मला तोंडच नाही.

मग काय शोधलं, काय शोधलं. सरदारपुरच्या प्रत्येक बसमध्ये विचारलं, इंदूरला गेले, ओंकारेश्वरच्या घाटावर फोटो चिकटवले. माई गेल्या त्या गेल्याच.

नंतर संताजी आला. त्याने दोन्ही कॅमेरे बघितले, मागच्याचा नऊ काढून दहा केला, आणि झालं. हातातला चहासुद्धा निवला नव्हता.

"बस, एवढंच होतं?" शरददादांनी विचारलं.

संताजीने चहाचा कप खाली ठेवला. शरददादा जिन्यावर बसले आणि कितीतरी वेळ उठलेच नाहीत.

आता माझं चित्र अगदी स्वच्छ जातं. वहिनी क्लास घेत नाहीत, पण कॉम्प्युटर दिवसभर चालू ठेवतात. दूधवाला येतो, कुत्रं येतं, तेवढं मी दाखवतो. दुसरं काय दाखवू?

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखा कुणी असेल. त्याच्यावर सगळं सोपवू नका रे. चित्र अडकलं तर ते कधी सुटेल याची वाट बघत बसू नका, त्याला थापट्याही मारू नका. आधी जिना उतरा. खाली जाऊन आपल्या माणसाला हाक मारा. ओ आली, की मग बघा आमच्याकडे.