अंगणातला खिळा

मी यज्ञेश्वर. बावीस वर्षं जनावरांचा डॉक्टर आहे, आणि रंभाच्या पायात खिळा गेला नव्हता, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

रंभा ही तिसगावच्या सूर्यभानची लग्नातली घोडी. माझ्या पुतण्याची, गंधारची वरात तिच्यावरून निघायची होती. ऐन वेळी सूर्यभान म्हणाला, "डाक्टर, मागच्या पायानं लंगडती हाय जरा. आज नको." पाहुण्यांसमोर शोभा होणार म्हणून माझं डोकंच फिरलं. "डॉक्टर कोण आहे, तू का मी?" असं म्हणून गाडीतली पेटी आणली आणि घोट्याच्या सांध्यात दुखणं दाबायची सुई दिली. केस भादरले नाहीत, जागा धुतली नाही. बोटांना जिलबीचा पाक होता, तो रुमालाला पुसला, बस्स. रंभा दोन तास नाचली. मीही फेटा बांधून पुढे मिरवलो.

पाचव्या दिवशी तिला पाय टेकवेना. घोटा नारळाएवढा सुजलेला. सांध्यातून पू आला तेव्हाच मला माझी ती सुई आठवली.

"कशानं झालं असंल?" सूर्यभानने विचारलं.

"खिळाबिळा गेला असेल," मी म्हणालो.

समोरच्या घरावर त्याच्या धाकट्या भावाने, बजरंगने, नुकतेच नवे पत्रे ठोकले होते. अंगण दोघांचं एकच. माझा शब्द निघायला आणि सूर्यभानने तिकडे बघायला एकच गाठ पडली. त्या संध्याकाळपासून भावाभावांचं बोलणं बंद झालं.

उपचार मात्र मी जीव ओतून केले. सांधा धुऊन काढला. मग एक दिवसाआड जायचं, तिला गुंगी द्यायची, घोट्याच्या वर रबरी पट्टी करकचून आवळायची आणि खालच्या शिरेत अँटिबायोटिक सोडायचं. पट्टीमुळे औषध अंगभर न पसरता त्या पायातच कोंडून राहतं. अर्धा तास पट्टी सोडायची नाही. तो अर्धा तास मला खायला उठायचा, कारण समोर बजरंग दिसायचा.

पहिल्या खेपेला तो अंगण झाडत होता. दुसऱ्या खेपेला वाळूच्या चाळणीने माती चाळत होता. तिसऱ्या खेपेला फुटक्या स्पीकरमधलं लोहचुंबक दोरीला बांधून भर उन्हात ओढत होता. त्याची बायको लंकाबाई रोज रंभाला भिजवलेले हरभरे भरवायची; आता ती भांडं लांबच ठेवून माघारी फिरायची. मी मान खाली घालून बसायचो. वाटायचं, घोडी बरी होऊ दे, मग सांगू. ती बरी व्हायला लागली तसं वाटू लागलं, आता कशाला सांगायचं? मला माझीच किळस आली.

चौथ्या खेपेला रंभा चारी पाय टेकवून उभी होती. शेवटचंच औषध द्यायचं राहिलं होतं. मी पेटी उघडतोय तोवर बजरंग अंगण ओलांडून आला. हातात एक वाकडा खिळा.

"दादा, ह्योच असंल. माज्याच हातून पडला. चुकलं माजं."

सूर्यभानने खिळा घेतला. त्याचे डोळे भरून आले. "जाऊ दे," तो म्हणाला, "बरी झाली न्हवं ती."

मी गप्प बसलो असतो तर तिथेच सगळं मिटलं असतं. पण बजरंगची बोटं दिसली. माती चाळून चाळून त्यांना चिरा पडल्या होत्या.

"सूर्यभान, खिळा नव्हताच. लग्नात मी घाणेरड्या हातांनी सुई दिली, त्यानेच हे झालं. तू नको म्हणत होतास. मला माहीत होतं सगळं."

सूर्यभान घरात गेला. मला वाटलं, काठी आणतोय; आणावी, असंही वाटलं. तो पाण्याची बादली, तांब्या आणि साबणाची वडी घेऊन आला.

"एक सुई राहिलीय न्हवं?"

"हो."

"मंग आदी हात धुवा."

पेटीत निर्जंतुक हातमोजे होते, पण ते काढायची हिंमत झाली नाही. बाह्या सारून मी कोपरापर्यंत हात धुतले. बजरंग आणि लंकाबाई बघत होते. झालं म्हणून उठायला लागलो, तर सूर्यभानने पुन्हा तांब्या भरला.

"आनखी," तो म्हणाला, आणि मी पुन्हा साबण घेतला.