होकाराशिवाय उत्तर नाही

बायको गेल्याचं कळलं तेव्हा तो लिफ्टच्या खड्ड्यात उतरून काम करत होता. खाली फोनला रेंज नव्हती. वर आला तर तिच्या कॉलेजातून फोनवर फोन येऊन गेलेले. शिकवता शिकवता ती खुर्चीत बसली होती, ती उठलीच नाही. त्याने हात पुसले, लिफ्ट चालू करून दिली, कारण वरच्या मजल्यावर म्हातारी माणसं खोळंबली होती, आणि मगच निघाला. लोकांनी नंतर त्यावरून नावं ठेवली. तिने ठेवली नसती.

ती नीतिशास्त्र शिकवायची. माणसाने कसं वागावं आणि का, यावर तिची पुस्तकं होती. त्याला ती सगळी कळत असं नाही, पण तिची कामाची रीत त्याला पक्की ठाऊक होती. ज्याचं मत खोडायचं, त्याचं मत आधी आपण नीट मांडायचं. ते त्या माणसाला घरी बोलावून वाचून दाखवायचं. "हो, हेच माझं म्हणणं," असं तो म्हणाला की मगच खोडायला घ्यायचं. घरातही हाच कायदा. ओला टॉवेल पलंगावर टाकण्यावरून जुंपली की आधी तिची बाजू त्याला मांडावी लागे, त्याची बाजू तिला. तोवर भांडणातली हवाच निघून जाई.

शेवटचं पुस्तक, मेलेल्या माणसाला दिलेला शब्द पाळावा का, यावर होतं. तिचं मत, पाळावा. शेवटचं प्रकरण तिच्या थोरल्या भावाच्या विरुद्ध. दादा डॉक्टर, आणि या विषयावर दोघांचं वर्षानुवर्षं वाजत आलेलं. तिने दादाचं म्हणणं लिहिलं होतं, त्याखाली आपलं उत्तरही लिहून टाकलं होतं. भावाच्या बाबतीत तिला तेवढी खात्री होती. वाचून दाखवणं मात्र राहिलं होतं.

पुस्तकाचं काम आता तिची जुनी विद्यार्थिनी बघत होती. घरात तिला सगळे घाईबाई म्हणत, आणि ती ते नाव कधी खोटं पडू देत नसे.

"काका, प्रकरण पूर्ण आहे. प्रकाशक मागे लागलेत. पाठवून देऊ ना?"

"दादाने ऐकलंय?"

"त्यांना काय विचारायचं! ते म्हणणार, मेलेल्याचं काय एवढं घेऊन बसलात."

"म्हणू दे. पण त्याच्या तोंडाने म्हणू दे."

"आणि नाही म्हणाले तर? पुस्तक अडेल, काका. बाईंचं शेवटचं पुस्तक आहे."

"म्हणूनच. तिचं आहे तर तिच्या रीतीनेच जाईल."

दादा आला तो दारातूनच ओरडत. "काय जावईबापू! तुमची बायको गेल्यावरही मला वादाला बोलावते?" आवाज चढा होता, पण बूट काढताना त्याला लेस सुटेना.

घाईबाईने वाचायला घेतलं. "मेलेल्याला काही कळत नाही, म्हणून आपण त्याचं काही देणं लागत नाही, असं माझा भाऊ म्हणतो."

"थांब. हे मी म्हणतो?"

"अहो, मी स्वतः ऐकलंय. याच टेबलावर."

"ते मी तिला चिडवायला म्हणायचो गं! चिडली की नाक फुगवायची. लहानपणापासून."

घाईबाईने कागद खाली ठेवला. त्याने खुर्ची पुढे ओढली. "मग खरं काय म्हणणं आहे तुमचं, दादा?"

दादाने तो कागद उचलून स्वतः वाचला. मग म्हणाला, "माझे पेशंट जाताना घरच्यांकडून शब्द घेतात. घर विकू नकोस. धाकट्याशी बोलू नकोस. जिवंत माणसाला जाऊन सांगता येतं, बाबा रे, नाही जमत, मला मोकळं कर. मेलेल्याला कसं सांगणार? ज्यातून सोडवायला कुणीच उरलं नाही तो शब्द नव्हे, ती बेडी आहे."

हे ऐकून त्याची बायको जागेवरून उठली असती, इतकी खूश झाली असती. त्याला ते स्पष्ट दिसलं. "पुन्हा सांगा," तो म्हणाला. "हळू. ही लिहून घेते."

घाईबाईने लिहिलं, वाचलं, दादाने खोडलं, पुन्हा लिहिलं. दुपार कलली. शेवटी दादा म्हणाला, "हो. हेच माझं म्हणणं." आणि तोंड झाकून रडला.

तो शांत झाल्यावर घाईबाई हळूच म्हणाली, "काका, आता बाईंचं उत्तर याला लागूच पडत नाही. बाई हरल्या असं दिसेल."

"हरली कशी? ती अजून बोललीच नाही."

"मी लिहू का? त्या काय म्हणाल्या असत्या ते मला माहीत आहे."

"दादाचंही आपल्या सगळ्यांना माहीत होतं," तो म्हणाला. "तुझं उत्तर तुझ्या पुस्तकात लिही. तिच्या तोंडी नको."

दादाने डोळे पुसले. "जावईबापू, गेलेल्या बायकोचा नियम पाळताय. बेडीच की ही."

"असेल. पण सुटायचंय कुणाला?"

पुस्तक उत्तराशिवायच छापायला गेलं. शेवटच्या प्रकरणात दादाचं म्हणणं आहे, त्याने होकार दिलेल्या शब्दांत. तिचं आधीचं उत्तर काढून टाकलं, कारण जे कुणाचंच म्हणणं नव्हतं त्याचं ते उत्तर होतं. दादाला उत्तर द्यायचं राहिलं आहे.